तक्रार करू की गप्प राहू?

सोलापूर जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात येथे देत आहे.

“आमच्या घरातले शेंडेफळ मुलगा म्हणून वाढले. चार वर्षांपूर्वी तो घर सोडून पुण्याला गेला, तिथे त्याने हिजड्यांच्या घराण्यात गुरू केला, आणि आता ती बाई म्हणून राहते. चार महिन्यांपूर्वी जबरी चोरीच्या गुन्ह्यात तिला अटक झाली. तेव्हापासून ती मध्यवर्ती कारागृहात पुरुषांच्या बराकीत आहे. मागच्या मुलाकातीला काचेपलीकडे पाहिले, तर केस कापलेले, अंगात कोणाचा तरी शर्ट आणि मनगटावर काळानिळा डाग. ‘ताई, रात्रभर जागीच असते,’ एवढेच बोलून तिने फोन खाली ठेवला. तिच्या संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) गोळ्याही बंद झाल्या आहेत. तक्रार केली तर तिला एकटीला कोठडीत टाकतील अशी भीती वाटते, आणि नाही केली तर काय होईल याची त्याहून जास्त भीती वाटते. तिच्या गुरू मुलाकातीला गेल्या, तर ‘नात्यातले नाहीत’ म्हणून त्यांना परत पाठवले. आई-वडील म्हणतात, त्याचे नाव घरात काढू नकोस. जामीन दीड महिन्यापूर्वीच झाला आहे, पण पंचवीस हजारांचा जामीनदार मिळत नाही. मी काय करू?”

ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला, याचा अर्थ तुमची बहीण आज आत आहे ती न्यायालयाला ती आत हवी आहे म्हणून नव्हे, तर तिची हमी घेणारा माणूस आणि त्याच्या ऐपतीचा दाखला मिळत नाही म्हणून. आतल्या सुरक्षिततेविषयी तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा तुरुंगाच्या बाहेर आहे आणि तिथे जाण्याचा हुकूम तिच्या नावाने निघालेला आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

जामीन मिळूनही आत राहिलेल्या बंद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी निर्देश दिले आहेत. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, त्यामुळे तशी अट घालू नये, असेही त्या निर्देशांत सुचवलेले आहे. तुमच्या बहिणीच्या बाबतीत महिना उलटून गेला आहे. तेव्हा जामीन देणाऱ्या त्याच न्यायालयात अट शिथिल करण्याचा अर्ज द्या आणि जातमुचलक्यावर सोडावे, किंवा तूर्त रोख रक्कम भरून घेऊन जामीनदार आणण्यासाठी मुदत द्यावी, अशी स्पष्ट मागणी त्यात करा. वकिलांची फी परवडत नसेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि तो मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तरीही जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या त्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन बसणे अधिक उपयोगी पडते. पैशांअभावी अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने 2023 साली एक योजनाही आणली आहे. तिच्यात जिल्ह्याची समिती न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम देऊ शकते (2023 साली ही मर्यादा 40,000 रुपये होती). तिचा अर्जही त्याच कार्यालयात मागा.

आता तुमचा खरा प्रश्न. तक्रार करायची की नाही, हे तुम्ही एकटीने ठरवू नका आणि मीही ठरवणार नाही. ते तिने ठरवायचे आहे. बाहेर आपण अर्जावर सही करून घरी येतो. त्या अर्जाची बातमी लागल्यावर बराकीतली पहिली रात्र तिला काढायची असते. परंतु तिला विचारायचे कुठे, ही अडचण आहे. मुलाकातीच्या खिडकीत शेजारी दुसरे बंदी बोलत असतात, मागे रक्षक उभा असतो, आणि फोनवर कोण ऐकत असेल याचा भरवसा नसतो. तिने दोन शब्द बोलून फोन ठेवला तो बहुधा याच कारणाने. वकिलांची भेट मात्र वेगळी असते. तिथे रक्षक पाहू शकतील इतक्या अंतरावर थांबतात, पण त्यांनी बोलणे ऐकायचे नसते. म्हणून तिचे वकील, किंवा प्राधिकरणाने नेमलेले कारागृह भेट वकील, यांना या आठवड्यातच आत पाठवा. त्यांनी तीन गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात: कोणाकडून धोका आहे, तिला कुठे ठेवलेले हवे आहे, आणि शरीरावर अत्याचार झाला आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर मग घड्याळ महत्त्वाचे आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी ती गुणकारी ठरतात. अशा वेळी कारागृहाच्या दवाखान्यावर न थांबता, बाहेरच्या शासकीय रुग्णालयात तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाकडून त्याच दिवशी मागून घ्यायचा.

येथे कायद्यातली एक उणीव तुम्हाला सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला संताप आवरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधला संमतीने झालेल्या संबंधांचा भाग सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रद्द केला. परंतु पुरुषांवर किंवा तृतीयपंथीयांवर जबरदस्ती झाली, तर त्याच कलमाचा उरलेला भाग उपयोगी पडत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही, आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवलेले नाही. स्त्रीवरील बलात्काराला किमान 10 वर्षांची शिक्षा आहे. तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 18 खाली सहा महिने ते दोन वर्षे. म्हणून वकिलांनी एकाच कलमावर विसंबू नये. दुखापत आणि धमकी यांची कलमे लावून घ्यावीत आणि ती स्त्री आहे, तिच्यावरचा अत्याचार हा स्त्रीवरचा अत्याचार आहे, हा युक्तिवादही पहिल्याच अर्जात नोंदवून ठेवावा.

तिने होकार दिला, तर तक्रार तोंडी करू नका. तुरुंगाच्या दारात तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत राहत नाही. कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा, त्याची प्रत खटला चालू असलेल्या न्यायालयाला आणि दुसरी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का देत नसतील, तर रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपा. अमेरिकेत डी फार्मर या ट्रान्स बंदिनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली असे ठरवले की, गंभीर धोका ठाऊक असूनही कानाडोळा करणारे तुरुंगाधिकारी त्याला जबाबदार धरले जातील. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातले व्यवहारज्ञान आपल्याही उपयोगाचे आहे: शिक्का बसलेल्या अर्जानंतर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कोणालाही म्हणता येत नाही. साध्या कागदावरचे पत्र दुबळे असते असेही समजू नका. तिहारमधल्या सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या एका बंद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तेच याचिका म्हणून स्वीकारून डिसेंबर 1979 मध्ये निकाल दिला. तक्रारपेटी कशी असावी आणि जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी कशा द्याव्यात, हे त्या निकालात लिहिलेले आहे.

अर्जात काय मागायचे, यासाठी तुमच्या हातात एक चांगला आधार आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने 10 जानेवारी 2022 रोजी सर्व राज्यांना तुरुंगातील तृतीयपंथी बंद्यांविषयी मार्गदर्शक पत्र पाठवले. ट्रान्स स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांच्यासाठी वेगवेगळा कक्ष, स्वतंत्र शौचालय व न्हाणी, दाखल करताना, वैद्यकीय तपासणीत, कपड्यांत आणि न्यायालयात नेता-आणताना त्यांनी स्वतः सांगितलेल्या ओळखीचा मान, आणि झडती त्यांच्या पसंतीच्या लिंगाच्या व्यक्तीकडून किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याकडून, तीही आडोशाला. हे सगळे त्यात आहे. त्याच्या मुळाशी 15 एप्रिल 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ज्याने आपले लिंग आपण सांगण्याचा हक्क मान्य केला. तिचे केस कोणाच्या आदेशाने कापले आणि तिचे कपडे कुठे गेले, याचा खुलासाही अर्जात मागा. कोणाला ही क्षुल्लक बाब वाटेल. पण ज्या माणसाने घर, गाव आणि आई-बाप गमावून ते केस वाढवले, त्याच्यासाठी ती क्षुल्लक नसते.

न्हाणीचा मुद्दा मी मुद्दाम ठळक करते. विधी सेवेच्या कामासाठी मी काही वर्षे तुरुंगांत जात असे. एका कारागृहात पुरुषांच्या बराकीत एक ट्रान्स बंदिनी होती. उघड्या हौदावर सगळ्यांसमोर अंघोळ करावी लागे, म्हणून ती अंगातल्या कपड्यांवरच पाणी ओतून घेई आणि दुसरा जोड धड वाळत नसल्याने तसेच ओले कपडे अंगावर वाळवी. मी तिला भेटले तेव्हा तिच्या काखेत आणि मांड्यांवर नायटे उठले होते. दवाखान्याच्या नोंदीत ‘त्वचारोग, मलम दिले’ असे लिहिलेले होते, आणि तिला दोन बादल्यांच्या आकाराचा आडोसा द्यावा हे कोणालाही सुचले नव्हते. आम्ही अर्जात फक्त तेवढेच मागितले. आठ दिवसांत पत्रे ठोकून आडोसा झाला.

कोठडीची तुमची भीती अनाठायी नाही. तुरुंगात ‘सुरक्षेसाठी वेगळे ठेवले’ याचा अर्थ पुष्कळदा एकांतकोठडी असाच होतो, कारण अनेक तुरुंगांत तृतीयपंथी बंदी एखादीच असते आणि तिच्या एकटीसाठी केलेला ‘स्वतंत्र कक्ष’ म्हणजे चार भिंती आणि बंद दार. दिवसातले 22 तास किंवा अधिक काळ माणसाच्या संगतीवाचून ठेवणे याला संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियम एकांतवास म्हणतात आणि तो सलग 15 दिवसांहून अधिक लांबवण्यास मनाई करतात. आपल्या गृह मंत्रालयाच्या पत्रातही वेगळा कक्ष देताना संपूर्ण अलगीकरण होऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याने काही केलेले नाही, उलट ज्याला त्रास झाला, त्यालाच कोंडून ठेवणे हे संरक्षण नव्हे. म्हणून अर्जात ‘वेगळे ठेवा’ एवढेच लिहून थांबू नका. रात्री झोपायला सुरक्षित, कुलूपबंद व दिवा असलेली जागा द्यावी, परंतु दिवसा इतरांप्रमाणे बाहेर येणे, काम, वाचनालय, फोन आणि मुलाकात यांत काहीही कमी करू नये, हे दोन्ही एकाच वाक्यात लिहा. महिला विभागात जायची तिची इच्छा असेल, तर तशी मागणी करा. नसेल, तर करू नका. मी भेटलेल्यांपैकी काहींना तिथे सुटका वाटली, तर काहींना तिथल्या टोमण्यांपेक्षा ओळखीची बराक बरी वाटली. दुसऱ्या तुरुंगात हलवण्याचा प्रस्ताव अधिकाऱ्यांकडून आला, तर तिथे तिच्यासारख्या आणखी बंदिनी आहेत का हे आधी विचारा आणि तुमच्या गावापासूनचे अंतरही मोजा. मुलाकातच बंद होणार असेल, तर तो सौदा महागाचा आहे.

गोळ्यांच्या बाबतीत उशीर नको. तिने निर्वाण घेतले असेल, म्हणजे अंडकोष काढले असतील, तर तिचे शरीर पुरेसे संप्रेरक स्वतः तयार करू शकत नाही. गोळ्या महिनोन्महिने बंद राहिल्या तर अंगातून गरम वाफा येतात, मन खचत जाते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर दाढी आणि शरीराची जुनी ठेवण परतू लागते. आरशात रोज तेच पाहण्याचा ताण अशा जागी झेपणारा नसतो. कारागृहातल्या काही डॉक्टरांना हे औषध सौंदर्यप्रसाधनासारखे वाटते, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी कागद पुढे करा. तिला गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडून नावे, मात्रा, केव्हापासून सुरू आहेत आणि शेवटच्या रक्ततपासणीचा निकाल काय, एवढे लिहून घ्या आणि 2019 च्या कायद्याचे कलम 15 सोबत जोडा. संप्रेरक उपचार ही शासनाची जबाबदारी आहे असे त्यात आहे. मधल्या काळात कोणाच्या हातून गोळ्या आत पोहोचवण्याचा विचार मनातही आणू नका. पकडल्या गेल्या तर तिच्यावर नवा गुन्हा नोंदवला जाईल. शिवाय चार महिन्यांच्या खंडानंतर जुन्या मात्रेनेच सुरुवात करायची की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो, म्हणून गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर एका पोटरीला सूज आली किंवा ती दुखू लागली, तर तिने लगेच सांगावे, एवढे तिच्या कानावर घाला.

तिच्या गुरूंना परत पाठवले, हे मला फार लागले. गृह मंत्रालयाच्या त्याच पत्रात कुटुंबीय आणि नातेवाइकांबरोबर मित्रमंडळींनाही भेटू देण्याचा उल्लेख आहे. मुलाकातीसाठी बंद्याने आपल्या माणसांची नावे स्वतः नोंदवायची असतात. वकिलांमार्फत तिचा अर्ज घ्या, त्यात गुरूंचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहा, आणि नात्याच्या रकान्यात ‘गुरू, पालक’ असे स्वच्छ लिहा. हिजड्यांच्या घराण्यात आजारपण, भांडण, अंत्यविधी हे सारे गुरू आणि गुरूबहिणीच करतात; चार वर्षे तिला जेवू घालणारी माणसे तिची कोणी नाहीत, असे म्हणण्याचा अधिकार खिडकीवरच्या कारकुनाला नाही.

रकान्यावरून आणखी एक गोष्ट सांगते. 1894 च्या तुरुंग कायद्याला बंदी दोनच प्रकारचे ठाऊक होते, पुरुष आणि स्त्री. पण त्याआधी, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, हिजड्यांची वेगळी नोंदवही ठेवायला याच सरकारी यंत्रणेला काहीही अडचण आली नव्हती. संशय घ्यायचा तेव्हा त्या मोजल्या गेल्या आणि सांभाळायचे आले तेव्हा रकानाच उरला नाही. देशातल्या तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत तृतीयपंथीयांची स्वतंत्र मोजणी सुरू झाली ती 2020 पासून, तीही दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेल्यावर. म्हणून प्रवेश नोंदवहीत तुमच्या बहिणीची नोंद काय आहे, हे वकिलांना पाहायला सांगा. तिथे ‘पुरुष’ असेल, तर झडतीपासून कपड्यांपर्यंत पुढचे सगळे त्याच शब्दावरून चालते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र तिच्याकडे असेल, तर त्याची प्रत जोडा. नसेल, तर ते मिळवण्यासाठी मदत करणे कारागृहाचेही काम आहे, असे 2022 चे पत्र सांगते.

आता तुमच्या वडिलांविषयी. त्यांनी तिला स्वीकारावे यासाठी आज वाद घालू नका. त्याला वर्षे लागतील, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नाही. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा: सातबाऱ्याचा उतारा, तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आणि न्यायालयात एक सही. मनातून क्षमा न करताही माणूस जामीनदार राहू शकतो. जामीनदार झाल्याने गुन्हा अंगावर येत नाही. ती तारखेला हजर राहिली नाही तर हमीच्या रकमेचा प्रश्न येतो, हे त्यांना खरेखुरे सांगा आणि तारखा सांभाळण्याची जबाबदारी तुम्ही घ्या. ते नाही म्हणाले, तर वर सांगितलेला अट शिथिल करण्याचा मार्ग आहेच. त्यांच्या होकारासाठी तो अर्ज एक दिवसही थांबवू नका.

तुमच्या पत्राच्या आरंभी ‘तो’ आहे आणि शेवटी ‘ती’. हा प्रवास तुम्ही त्याच पत्रात केलात, आणि तो सोपा नाही, हे मी जाणते. पुढच्या मुलाकातीला काचेपलीकडून फोन उचलल्यावर पहिला शब्द तिने निवडलेले नाव असू द्या. रक्षकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. आत तिला त्या नावाने हाक मारणारे कोणी नसेल. जे उघड विचारता येणार नाही, त्यासाठी एखादी घरगुती खूण ठरवून घ्या, जसे की ‘आजीचे गुडघे कसे आहेत’ असे तिने विचारले, तर समजायचे की वकिलांनी आजच आत यायला हवे. तुम्हालाही रात्री झोप लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. जरूर बोला.

सुटकेचा आदेश कारागृहात पोहोचून माणूस प्रत्यक्ष बाहेर येईपर्यंत अनेकदा संध्याकाळ होते, आणि त्या वेळी गेटबाहेर एकटी उभी असलेली ट्रान्स स्त्री आतल्यापेक्षा सुरक्षित असेलच असे नाही. तुम्ही आणि तिच्या गुरू दोघींनी तिथे असावे, आणि रात्री कुठे जायचे हे आधी ठरलेले असावे. गुरूंच्या घरी जागा नसेल, तर सरकारी मदतीने चालणाऱ्या ‘गरिमा गृह’ या निवाऱ्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आताच करून ठेवा. तिची साडी किंवा पंजाबी ड्रेस, ओढणी आणि चपला एका पिशवीत भरून सोबत न्या, म्हणजे कोणाचा तरी शर्ट घालून तिला रस्त्यावर यावे लागणार नाही. कोणता ड्रेस आणू, हे या मुलाकातीतच तिला विचारा.